आबांच्या फोटोचा हार

पटकथा-संपादक म्हणजे काय, हे माझ्या वडिलांनी मला तीन वेळा विचारलं. पहिल्या दोन वेळा मी वैतागलो. तिसऱ्या वेळी नीट सांगितलं की मालिकेचे भाग चार-पाच जण मिळून लिहितात, कुणी प्रसंग रचतं, कुणी संवाद लिहितं, आणि ते सगळं शेवटी माझ्याकडे येतं. मी वाचतो, जुळवतो, नको ते काढतो आणि चॅनेलकडे पाठवतो. आबांनी सगळी नोकरी अंकुशनगरला साखर कारखान्याच्या काट्यावर काढली. उसाची गाडी भरून आली की वजन, रिकामी होऊन निघाली की पुन्हा वजन. ते म्हणाले, "म्हंजे तू बी काट्यावरच बसला की." मला ते तेव्हा कमीपणाचं वाटलं. आता वाटतं, काट्यावरच्या माणसाला निदान कुठे काही जास्त झालं, कुठे कमी पडलं हे कळतं. मला तेही कधी धड कळलं नाही.

पंधरा वर्षं मी मालिकांत काम केलं. जालन्यात कॉलेजात असताना एकांकिका लिहायचो, दोन-तीन बक्षिसं मिळाली, आणि त्या बळावर मुंबईला गेलो. तिथे पहिल्याच आठवड्यात मला सांगण्यात आलं की तू गावाकडचा आहेस, तुला नोकरांचे संवाद छान जमतील. मग मी सहा वर्षं नोकरांचे संवाद लिहिले. नोकर, ड्रायव्हर, विनोदी मामा आणि अधूनमधून एखादा गुंड. आमच्या घरात जी भाषा आई-वडील बोलतात, ती पडद्यावर फक्त चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्यांच्या तोंडी असायची. पुढे मी संपादक झालो, तेव्हा वाटलं होतं की आता काहीतरी बदलू. काय बदललं? एखाद्या नव्या लेखकाची नायिका गावाकडचं बोलायला लागली की मीच तिला शहरातलं बोलायला लावायचो आणि मोलकरीण शहरातलं बोलली की तिला गावाकडे पाठवायचो. कुणी सांगायचीही गरज उरली नव्हती. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मी त्याच्याही पुढे गेलो होतो.

आबांना या सगळ्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांची एकच अपेक्षा होती, टीव्हीवर माझं नाव वाचायची. भाग संपला की नावं धावतात, पण चॅनेल त्याच वेळी पडदा दुमडून ती नावं एका कोपऱ्यात ढकलतं आणि उरलेल्या जागेत पुढच्या मालिकेची जाहिरात दाखवतं. आबा चष्मा पुसून टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची ओढून बसायचे. मग फोन यायचा. "दिसलं न्हाई रे. लई जल्दी गेलं." मी म्हणायचो, उद्या बघा. पंधरा वर्षं मी त्यांना उद्या बघा असंच सांगत आलो.

टाळेबंदीत मी जालन्याला परत आलो आणि मग परत गेलोच नाही. काम सगळं कॉम्प्युटरवर व्हायला लागलं होतं. जुन्या जालन्यात एका धान्याच्या होलसेल दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खाली पोती उतरवणाऱ्या हमालांचा आरडाओरडा असायचा, म्हणून मीटिंगमध्ये माझा आवाज मी बंदच ठेवायचो. लोकांना सांगायचो, आई-वडिलांजवळ असावं म्हणून आलो. आई-वडील शहागडला, एसटीने दीड तास. पहिल्या वर्षात चार वेळा गेलो असेन, दुसऱ्या वर्षात दोनदा, दिवाळी आणि गुढीपाडवा. जवळ आलो ते भाड्यासाठी, हे आबांनी ओळखलं होतं. मायने ओळखलं नव्हतं, किंवा ओळखूनही तिने मला कधी बोलून दाखवलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला एक नवी मालिका सुरू झाली. नायिका भांडून घराबाहेर पडलेली, बाप वारल्यावर परतलेली, आणि बापाचा फोटो दिवाणखान्याच्या भिंतीवर. पहिल्या भागाच्या पहिल्या पानावर मीच लिहिलं होतं, 'भिंतीवर वडिलांचा फोटो. चंदनाचा हार.' असे फोटो कुठून येतात, हे प्रेक्षकांच्या मनातही येत नसेल. कुणा नटाचा लावला तर त्याची परवानगी लागते, तो उद्या दुसऱ्या मालिकेत सासरा म्हणून उभा राहिला की पंचाईत. म्हणून सेट लावणाऱ्यांकडे जुन्या फोटोंचा साठा असतो, बहुतेक युनिटमधल्याच कुणाच्या तरी गेलेल्या काकाचे, आजोबांचे. त्या वेळी साठ्यातले सगळे चेहरे वापरून झालेले होते. शूटिंगच्या आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला की उद्या सकाळी सातला दिवाणखाना लागणार आहे, साठीच्या पुढचे, सोज्वळ दिसणारे, कुणाचे वडील असतील तर पाठवा.

माझ्या फोनमध्ये आबांचा फोटो होता. निवृत्तीच्या दिवशी अंबडला स्टुडिओत काढलेला, पांढरा सदरा, सरळ टोपी, आणि हसू येत असताना फोटोवाल्याने दम भरल्यावर राहतो तसा चेहरा. मायने कधीतरी पाठवला होता, 'चांगला आलाय' म्हणून. मी तो ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत सेट लावणाऱ्या दादांचा मला वेगळा मेसेज आला. ते जुने, देवभोळे गृहस्थ. त्यांच्याकडे एक नियम होता, जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायचा नाही. पडद्यावर मेलेल्या नटाकडूनसुद्धा ते शॉट झाल्याबरोबर कॅमेऱ्यात बघून हसल्याचा एक शॉट घ्यायला लावायचे. त्यांनी विचारलं होतं, "सर, हे गेलेत ना?"

माझी मीटिंग चालू होती. चॅनेलची बाई तिसऱ्या भागावर बोलत होती. मी लिहिलं, "हो."

या एका अक्षराची मी खूप वेळा उलटतपासणी केली आहे. माझ्या मनात काही वाईट होतं का? नव्हतं. खरं सांगायचं तर मनात काहीच नव्हतं, आणि तेच जास्त वाईट आहे. नाही म्हटलं असतं तर पाच मेसेज वाढले असते, दुसरा फोटो शोधावा लागला असता. स्क्रिप्टमध्ये मी आतापर्यंत इतके बाप मारले होते की अजून एकाने फरक पडेल असं वाटलं नाही. वर मनाची समजूतही घातली की फोटो मागे कुठेतरी धूसर दिसेल, एक-दोन भागांत जाईल, आबांना गंमत वाटेल. आपल्या घरातलं काहीतरी टीव्हीवर येईल एकदाचं.

तो फोटो धूसर राहिला नाही, याला कारणही मीच. मालिकेचा भाग ठरलेल्या मिनिटांचा असावा लागतो. शूटिंग होऊन तुकडे जोडले की कधी दीड मिनिट कमी पडतं, कधी दोन. मग संध्याकाळी फोन येतो, एक छोटा सीन टाका, एकच पात्र, एकच जागा, अर्ध्या तासात उरकलं पाहिजे. अशा वेळी मी नायिकेला बापाच्या फोटोसमोर उभं करायचो. ती बोलायची, फोटो ऐकायचा. याहून स्वस्त सीन जगात नाही. पहिल्या आठवड्यात असे दोन झाले, आणि चॅनेलच्या बाईचा निरोप आला की प्रेक्षकांना फोटोचे सीन आवडतायत, जरा वाढवा. मग ते जवळजवळ रोज व्हायला लागले, आणि कॅमेरा फोटोच्या इतका जवळ जायला लागला की आबांच्या सदऱ्याचं वरचं बटण मोजता यावं.

रोज नवं काय बोलणार ती नायिका? डोक्यात दुसरं काही नसलं की माणूस घरातलंच सामान बाहेर काढतो. आबा कामावरून यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला मळीचा वास यायचा. नायिकेचा बाप बँकेत होता, म्हणून मी मळीच्या जागी शाई केली. मी मुंबईला निघालो तेव्हा आबांशी भांडून निघालो होतो, त्यांच्या पाया न पडता स्टँडवर गेलो, आणि गाडी सुटायच्या वेळी ते सायकलवर आले आणि खिडकीतून डबा देऊन काही न बोलता परत गेले. तेही मी लिहिलं, सायकलची स्कूटर करून. त्यांनी माझं पहिलं नाटक पाहिलं नाही, कारण मी त्यांना बोलावलंच नव्हतं, मला त्यांच्या धोतराची लाज वाटली होती. हेसुद्धा लिहिलं. दीड मिनिटात बरोबर बसलं.

मालिका सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी अंबडहून मामाचा फोन आला. आवाज पडलेला. "कवा झालं? आम्हाला कळवायचं तरी व्हतं." मला आधी काही कळेना. मग कळलं तेव्हा हसू आलं, आणि मी त्याला हसतच सगळं समजावलं. पण फोन करून खात्री करणारे थोडे. दोन दिवसांनी वडीगोद्रीकडची लांबची तिघं माणसं रिक्षा करून थेट शहागडला दारात उतरली, खाली माना घालून. दार आबांनीच उघडलं. आबा म्हणाले, "या, बसा. मयत घरीच हाय." चहा पाजला, पान दिलं, आणि त्यांना रिक्षापर्यंत सोडायलाही गेले. रात्री मला फोनवर म्हणाले, "मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. बरं झालं, तुझ्यामुळं धा वर्षं तर वाढली." गावात त्यांना काही दिवस 'कैलासवासी' म्हणत होते. चहाच्या टपरीवर कुणी म्हणायचं, कैलासवासींना साखर कमी टाका. आबा तेही हसण्यावारी न्यायचे.

माय हसली नाही. तिने मला फोन करून एकच विचारलं, "हार तू घातला का त्यांनी?" मी म्हटलं, अगं, सेटवरचे लोक घालतात, नाटक असतं ते. ती म्हणाली, "बातमी उठली तर ती खोटी पडती. हार रोज दिसून राह्यला." आणि तिने फोन ठेवला. संध्याकाळी मालिकेची धून वाजली की ती उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची, हायवेकडे तोंड करून, ट्रक बघत. आत आबा टीव्हीसमोर. मला हे शेजारच्या मावशींकडून कळलं. मी ठरवलं की जाऊन भेटावं, आणि गेलो नाही, कारण त्या आठवड्यात तीन भाग मागे होते.

मग संक्रांत आली. मायला गल्लीत हळदीकुंकवाला बोलावणं होतं. ज्या घरी गेली, त्या घरची सून नवी, अंबडहून आलेली, मायला नीट ओळखत नव्हती, पण मालिका बघत होती. कुंकवाची डबी घेऊन ती मायसमोर आली आणि तिचा हात थांबला. एवढंच. तिने विचारलं नाही, बोलली नाही, सासूकडे बघितलं, सासूने मान हलवली, आणि मग तिने कुंकू लावलं. माय वाण घेऊन घरी आली. मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. "मी तुला कवा काय मागितलं न्हाई. काढ तो हार. मला बाकी काय बी नको."

मी खरंच हललो त्या दिवशी. पहिल्यांदा सेट लावणाऱ्या दादांना फोन केला. म्हटलं, तो हार काढता येईल का. ते म्हणाले, "सर, कसा काढणार, आदल्या सीनमध्ये आहे, पुढच्या सीनमध्ये लागतो." मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी रोज सेट लागायच्या आधी साहेबांना उदबत्ती लावतो. तुमचे वडील म्हणजे आमचेच." त्या माणसाला मी काय सांगणार होतो? की साहेब आत्ता शहागडला शेंगा फोडत बसलेत? मी थँक्यू म्हणून फोन ठेवला.

चॅनेलच्या बाईला फोटोच काढू या असं सांगितलं, तर ती म्हणाली, "सर, फोटोचे सीनच तर चालतायत." ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची, मनाने वाईट नव्हती. तिला मी खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित तिने काही केलं असतं. पण मग ते 'हो' बाहेर आलं असतं, आणि पंधरा वर्षं जपलेली माझी अब्रू, जी कुठल्या कोपऱ्यातल्या अक्षरांतही दिसत नव्हती, ती गेली असती. मी त्या अब्रूला जपलं.

गोष्टीत बाप मेलेला असेपर्यंत हार निघणार नव्हता. म्हणून मी बापाला जिवंत करायचं ठरवलं. मेलेलं माणूस परत येणं ही मालिकावाल्यांची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात हलकी युक्ती. जालन्याच्या एका कॉलेजात मी या युक्तीवर तासभर तोंडसुख घेतलं होतं, पोरं हसून लोळली होती. आता तीच मी पुढच्या मीटिंगमध्ये मांडली. वडील जिवंत आहेत, अपघातात मेले ते दुसरेच, मुलीला इस्पितळात कळतं, ती घरी येते आणि स्वतःच्या हाताने फोटोवरचा हार काढते. माझं बोलून झालं. मग चॅनेलच्या बाईने टाळ्या वाजवल्या.

तो सीन मी चार दिवस लिहिला. एवढा वेळ मी कुठल्याच सीनला दिला नव्हता. नायिका स्टूल आणते, वर चढते, हार काढते, फोटोवरची धूळ पदराने पुसते आणि म्हणते, हा हार तुमचा नव्हताच. हे मी मायच्या बोलीत लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मीच ते शुद्ध केलं, सवय. तारीख ठरली, रथसप्तमीच्या आतली. मी मायला फोन केला. "अमक्या दिवशी बघ. हार निघतोय." ती म्हणाली, "खरं?" तिच्या आवाजात जे होतं ते ऐकून मला स्वतःबद्दल बरं वाटलं. खूप दिवसांनी वाटलं.

मायने त्याच दिवशी आपल्या घरी हळदीकुंकू ठेवलं. गल्लीतल्या सातआठ बायका बोलावल्या, त्या नव्या सुनेलाही. मी दुपारच्या एसटीने गेलो. घर झाडून-सारवून लख्ख, ताटात तिळगूळ, वाणाला प्लास्टिकच्या छोट्या चाळण्या. माय इरकल नेसली होती. मला म्हणाली, "तू आबाजवळ बस." तिने स्वतःची जागा टीव्हीसमोर अगदी पुढे केली होती. सगळ्या बायका बसल्या, आणि धून वाजल्यावर माय उठली नाही.

गेला आठवडाभर मालिका इस्पितळात होती, त्यामुळे दिवाणखान्याची भिंत दिसलीच नव्हती. नायिका धावत घरात शिरली. स्टूल ओढलं. कॅमेरा वर गेला. भिंतीवर तसाच चंदनाचा हार होता, आणि हारामागे दुसराच माणूस.

रंगवलेल्या मिशीचा, कोटातला, ओळखीचा नट. पुढच्या सोमवारी जो बाप म्हणून दारात उभा राहणार होता, तो. बाप परत यायचा तर फोटोतला माणूस आणि दारातला माणूस एकच लागणार, हे या धंद्यात नव्या आलेल्यालाही कळतं. मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अशाच चुका पकडून पोट भरत आलो. आणि या एका ठिकाणी मला ते सुचलं नाही, कारण त्या भिंतीवर मला आबांखेरीज कुणी दिसतच नव्हतं. फोटो बदलला तर प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. करायला गेलो गणपती, झाला मारुती. नायिकेने हार काढला, पदराने त्या नटाची धूळ पुसली, मी लिहिलेलं वाक्य बोलली, आणि रडली फार छान.

मग एकीने हळूच विचारलं, "हे कोण व्हय?" दुसरी म्हणाली, "चला, तुमच्या मालकांचा फोटो तर निघाला ना बाई एकदाचा." नव्या सुनेने खाली बघितलं. मायने उठून सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण दिलं, कुणाला विसरली नाही. बायका गेल्यावर ती मोरीत कप विसळायला बसली. मी मागे जाऊन उभा राहिलो. तिने मान वर केली नाही.

"तुझ्या आबाला हारासकट उचलून नेलं," ती म्हणाली. "फेकताना तरी काढायचा व्हता."

मी म्हटलं, मी फोटो परत मागवतो. नंतर मागवलाही. फ्रेम भाड्याची होती, दुकानदाराकडे परत गेली होती. आतल्या कागदाचं काय झालं, हे कुणालाच सांगता आलं नाही.

बाहेरच्या खोलीत आबा अजून टीव्हीसमोरच होते. दुसरी मालिका सुरू झाली होती, आवाज बंद. मी शेजारी बसलो. माफी मागायची म्हणून वाक्य जुळवत होतो. आबाच आधी बोलले.

"तुझ्या मायचं बराबर हाय. हार बघून मला बी लई वाईट वाटलं व्हतं पहिल्यांदा. लोकाला दाखवलं न्हाई." ते थांबले. "मंग त्या पोरीनं ते डब्याचं सांगितलं. स्टँडवर आल्तो मी, ते. पाया पडली न्हाई म्हणाली. तवा माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, हे तर आपलं हाय. ह्यो पोरगा बोलून राह्यला. तोंडानं जमत न्हाई त्याला, लहानपणापासून न्हाई जमत, म्हणून तिच्याकडून बोलून राह्यला. मंग मी रोज बसायलो. धोतराचं बी ऐकलं मी. त्याचं काय वाटून घेऊ नको. मला तवाच ठाऊक व्हतं."

मी खाली सांडलेले तिळगुळाचे दाणे गोळा करायला लागलो.

"रोज येक-दोन मिन्टं बोलायचा तू," आबा म्हणाले. "हार असला तर असू दे, म्हटलं. आता त्यो बाप घरी येणार. मंग ती फोटोशी कामून बोलंल? आता कसं करतो तू?"

त्यांच्याशी मी एकदाही बोललो नव्हतो. एकाही सीनमध्ये नाही. ते शब्द लिहिताना मला ना त्यांचा चेहरा आठवायचा, ना त्यांची वाट बघणं. माझ्यासमोर घड्याळ असायचं आणि कमी पडलेलं दीड मिनिट. हे त्यांना सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि जे त्यांना वाटत होतं त्याला मान डोलवायचीही लाज वाटत होती. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले, ऐकायला बसल्यासारखे. आयुष्यभर मी माणसांच्या तोंडी वाक्यं घातली. त्या खोलीत मला एक सापडेना.

शेवटी मी विचारलं, "बीपीची गोळी घेतली का?"

"घेतली," आबा म्हणाले, आणि टीव्ही बंद करायला उठले.